खरेदीचे यश आणि घडणीचे यश : मुंबई-गोवा फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यावसायिक फुटबॉलविषयीच्या चर्चेत परस्परविरोधी अशी दोन मते नेहमी ऐकू येतात. ज्याच्या तिजोरीत पैसा त्याच्या हातात चषक, असे एक मत. संघ बाजारात विकत मिळत नाही, तो घडवावा लागतो, असे दुसरे. दोन्ही मतांना अनुकूल उदाहरणे मुबलक आहेत आणि त्यामुळेच त्यांपैकी कोणतेही मत सिद्ध होत नाही. चेल्सीने २०२२-२३च्या हंगामात खेळाडूंच्या खरेदीवर प्रचंड रक्कम खर्च केली आणि इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये हा संघ बाराव्या क्रमांकावर राहिला. पॅरिसच्या संघाने २०१७ मध्ये नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले. परंतु युरोपीय विजेतेपद त्याला लाभले ते २०२५ मध्ये, नेमार, मेस्सी आणि एम्बाप्पे हे तिघेही संघ सोडून गेल्यानंतर. दुसरीकडे, २००८ मध्ये अबुधाबीचा पैसा आला नसता तर मँचेस्टर सिटीची आजची प्रतिष्ठा कल्पनेतही आणता आली नसती.

हा प्रश्न युरोपच्या उदाहरणांवर सोडवण्याची आपल्याकडे सवय झाली आहे. वास्तविक मुंबई, पुणे आणि गोवा या त्रिकोणात गेल्या दोन दशकांत या प्रश्नाची उत्तम प्रयोगसामग्री तयार झाली आहे. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत लेखात या सामग्रीच्या आधारे खर्च आणि यश यांचा संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे. खर्च किती झाला याहून तो कशावर झाला, आणि खर्च करणारा निघून गेल्यावर मागे काय उरले, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत, अशी या लेखाची भूमिका आहे.

'सॉकरनॉमिक्स'चा सिद्धान्त

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा ग्रंथ म्हणजे सायमन कूपर आणि स्टीफन झिमान्स्की यांचा 'सॉकरनॉमिक्स' (२००९). कूपर पत्रकार आहेत, तर झिमान्स्की अर्थशास्त्रज्ञ. १९७८ ते १९९७ या काळातील ४० इंग्लिश क्लबांच्या हिशेबांवरून त्यांनी एक लक्षणीय निष्कर्ष मांडला. क्लबांच्या गुणतक्त्यातील स्थानांत जो फरक दिसतो, त्यातील केवळ १६ टक्के फरकाचे स्पष्टीकरण खेळाडूंच्या निव्वळ खरेदीखर्चावरून देता येते. उलट वेतनखर्चावरून ९२ टक्के फरक स्पष्ट होतो. म्हणजे खेळाडूच्या जुन्या क्लबाला दिलेली रक्कम बहुतांशी वाया जाते आणि खेळाडूच्या हाती पडणारा पगार मात्र त्याच्या गुणवत्तेचे बऱ्यापैकी खरे माप असतो.

हा सिद्धान्त मोलाचा आहे. कारण त्याने 'पैसा' या सैल शब्दाचे दोन भाग पाडले. वर्तमानपत्रांत ठळकपणे छापली जाणारी रक्कम आणि प्रत्यक्षात कामी येणारी रक्कम या वेगळ्या असतात, हे त्याने दाखवून दिले. तथापि त्याच्या तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा कार्यकारणभावाची. अधिक पगार दिल्याने क्लब जिंकतो, की जिंकणाऱ्या क्लबाकडे अधिक उत्पन्न येते म्हणून तो अधिक पगार देतो, हे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही. दुसरी मर्यादा काळाची. हा संबंध अनेक वर्षांच्या सरासरीत दृढ दिसतो. एखाद्या हंगामाविषयी तो तितक्या खात्रीने काही सांगू शकत नाही. तिसरी मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या व्यवस्थेत क्लब शंभर-सव्वाशे वर्षे टिकतात, खालच्या श्रेणीत घसरले तरी नष्ट होत नाहीत, त्या व्यवस्थेचा हा अभ्यास आहे. क्लबाचे अस्तित्व तेथे गृहीत आहे. आपल्याकडे नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

नावांची खरेदी : २०१४ ते २०१६

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी हे महाराष्ट्राचे दोन संघ तिच्यात होते. दोघांतील सामन्यांना 'महाराष्ट्र डर्बी' म्हटले जाऊ लागले. मुंबई सिटीचे घरचे मैदान त्या वेळी नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण होते. तेथे १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईने पुण्याचा ५-० असा पराभव केला आणि आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूने या लीगमधील पहिली हॅट्‌ट्रिक नोंदवली. एवढा एक सामना पाहणाऱ्यास मुंबईचा संघ बलाढ्य वाटला असता.

प्रत्यक्षात दोन्ही संघांची त्या वर्षीची खरेदी ही नावांची खरेदी होती. मुंबईकडे निकोला अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग होते, पुण्याकडे दाविद त्रेझेगे. या खेळाडूंची कारकीर्द मोठी होती. परंतु ती मागे पडली होती. आठ संघांच्या तक्त्यात पुणे सहावे आणि मुंबई सातवी आली. पुढल्या वर्षी मुंबईने भारतीय खेळाडूंच्या लिलावात सर्वाधिक, म्हणजे १.२ कोटी रुपयांची बोली लावून सुनील छेत्रीला घेतले. पुण्याने युजिनसन लिंगडोसाठी १.०५ कोटी मोजले. लिलावातील हे दोन सर्वांत महागडे खेळाडू महाराष्ट्रातील दोन संघांकडे असूनही २०१५ मध्ये मुंबई सहावी आणि पुणे सातवे आले.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. छेत्री अपयशी ठरला नव्हता. त्याने त्या हंगामात ७ गोल केले आणि या लीगमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला भारतीय होण्याचा मानही मिळवला. अपयश त्याच्या भोवतालच्या रचनेचे होते. त्याच हंगामात, १७ नोव्हेंबर २०१५ रोजी, फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाने मुंबईचा ७-० असा फडशा पाडला. लिलावातील सर्वांत महागड्या भारतीय खेळाडूच्या संघाला लीगच्या इतिहासातील तोवरचा सर्वांत मोठा पराभव पत्करावा लागावा, ही घटना पुरेशी बोलकी आहे. मुंबई-गोवा स्पर्धेला धार चढली ती अशा निकालांमुळे.

दिएगो फोर्लान असलेला २०१६ चा मुंबईचा संघ साखळी फेरीत पहिला आला, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु त्या यशात प्रशिक्षक अलेक्झांद्र गिमराइस यांनी बांधलेल्या बचावाचा मोठा वाटा होता. आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पराभूत झाल्यावर ते यशही तेथेच थांबले. नाव आणि रचना एकत्र आली तर नावाचा उपयोग होतो. रचनेविना नाव शोभेचे ठरते, एवढा बोध या तीन हंगामांतून घेता येतो.

घडणीची खरेदी : २०२०

सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये गोव्याचे प्रशिक्षक झाले. चेंडू आपल्याकडे राखून, लहान पास देत पुढे सरकणारी त्यांची शैली गोव्याच्या प्रेक्षकांना मानवली. त्यांच्या कारकिर्दीत गोवा एकदा उपांत्य फेरीत आणि एकदा अंतिम फेरीत पोहोचले, २०१९ चा सुपर कप त्यांनी जिंकला. ऑक्टोबर २०१८ मध्ये फातोर्ड्यात मुंबईवर ५-० आणि मार्च २०१९ मध्ये उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात मुंबईतच ५-१, असे दोन विजय याच काळातले. २०१९-२०च्या हंगामात साखळी सामने संपण्यापूर्वीच लोबेरा यांना पदमुक्त करण्यात आले. तरीही संघ साखळीत अव्वल राहिला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत स्थान मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

दरम्यान नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर मुंबईने जी खरेदी केली ती २०१४-१५च्या खरेदीहून मूलतः वेगळी होती. लोबेरा मुंबईत आले. त्यांच्यासह गोव्याचे अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाई हेही आले. बूमूसच्या करारातील मुक्तता-रक्कम, वृत्तांनुसार सुमारे १.६ कोटी रुपये, मुंबईने गोव्याला दिली. बचावाचा कणा, मध्यफळीचा सूत्रधार, आक्रमणाची कल्पकता, डाव्या बगलेची धाव आणि या सर्वांना बांधणारा प्रशिक्षक असा एक जमून गेलेला मेळ मुंबईने उचलला. खेळाडूंची परस्परांना असलेली ओळख ही या व्यवहारातील खरी वस्तू होती. बाजारात तिची स्वतंत्र किंमत लावली जात नाही आणि म्हणूनच ती तुलनेने स्वस्त पडली. लीगमध्ये वेतनमर्यादा असल्याने केवळ पगार वाढवून मात करण्याचा मार्ग मर्यादित होता. अशा स्थितीत तयार समजूत विकत घेणे हाच शहाणपणाचा खर्च होता.

२०२०-२१चा संपूर्ण हंगाम साथीमुळे गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला. मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे ४० असे समान गुण झाले आणि परस्परांतील सामन्यांच्या निकालावर मुंबईने साखळीचे ढाल-पारितोषिक मिळवले. उपांत्य फेरीत समोर गोवाच होते. पहिला सामना २-२, दुसरा ०-० आणि अखेर पेनल्टीवर मुंबई ६-५ अशी सरस ठरली. म्हणजे गोव्याचा अर्धा कणा घेऊनही मुंबईला गोव्यावर निर्णायक वर्चस्व मिळाले नव्हते, हेही दिसून आले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यातच झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने मोहन बागानला २-१ असे हरवले. ९०व्या मिनिटाचा निर्णायक गोल होता बिपिन सिंहचा. बिपिन २०१८ पासून, म्हणजे मोठा मालक येण्याच्या आधीपासून, मुंबईत होता. कर्णधार व गोलरक्षक अमरिंदर सिंगही २०१६ पासूनचा. खरेदी केलेला मेळ आणि आधीपासून रुजलेले खेळाडू यांच्या संयोगातून हे यश आले.

यावर एक आक्षेप संभवतो. गोव्याने तरी हे खेळाडू कोठे घडवले? लोबेरा स्पेनचे, जाहू मोरोक्कोचा, फॉल सेनेगलचा. आणि जाहू व फॉल हे दोघेही लोबेरा यांच्या हाताखाली मोरोक्कोतील तेतुआनच्या क्लबात पूर्वी खेळलेले. हा आक्षेप रास्त आहे; परंतु त्याने मूळ मुद्दा अधिकच बळकट होतो. घडण ही कोणत्याही मातीची मक्तेदारी नसते. ती काळाची मागणी करते. हा मेळ तेतुआनमध्ये सुरू झाला, फातोर्ड्यात जमला आणि अंधेरीच्या नावावर फळाला आला. फळ खाणाऱ्याने झाड लावलेले नव्हते, एवढेच.

खरेदीनंतरचे वर्ष

तयार मेळ विकत घेण्यातील धोका लगेचच उघड झाला. बूमूस आणि अमरिंदर २०२१ मध्ये मोहन बागानकडे गेले. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादला गेला. हंगामाच्या तोंडावर लोबेरा यांनीही मुंबई सोडली. मुंबईने पुन्हा गोव्याकडेच पाहिले आणि आदल्या वर्षी १४ गोल करणाऱ्या इगोर अंगुलोला आणले. मालक तेच, सामर्थ्यही तेच; पण २०२१-२२ मध्ये गतविजेती मुंबई पाचवी येऊन बाद फेरीबाहेर राहिली. मोठ्या रकमा मोजणाऱ्या मोहन बागानलाही त्या वर्षी विजेतेपद मिळाले नाही. ते मिळाले हैदराबादला. मानोलो मार्केझ यांच्या मार्गदर्शनाखाली आणि मुंबईने जाऊ दिलेल्या ओगबेचेच्या १८ गोलांच्या बळावर हैदराबादने २० मार्च २०२२ रोजी चषक जिंकला.

हैदराबादची ही कथा महाराष्ट्राच्या वाचकास अस्वस्थ करणारी आहे. कारण एफसी पुणे सिटी मालकांच्या आर्थिक विवंचनेमुळे २०१९ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची लीगमधील जागा घेऊनच हैदराबादचा संघ उभा राहिला होता. संयमाने घडवलेला संघ खर्चिक संघांना मागे टाकू शकतो हे त्याने दाखवले. परंतु पुढे हा क्लबही आर्थिक अडचणीत सापडून विस्कटला. घडणीविना पैसा निष्फळ ठरतो हे जितके खरे, तितकेच पैशाविना घडण अल्पायुषी ठरते हेही खरे. घडणीचे गुणगान करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू नजरेआड करू नये.

मुंबईने यातून धडा घेतलेला दिसतो. डेस बकिंगहॅम यांना अवधी दिला गेला. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ असे हरवून मुंबई आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. २०२२-२३ मध्ये तिने ४६ गुणांसह साखळी जिंकली. एप्रिल २०२४ मध्ये उपांत्य फेरीत फातोर्ड्यात ०-२ अशा पिछाडीवरून शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल करून तिने गोव्याला ३-२ असे नमवले, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून पुन्हा चषक मिळवला. त्या अंतिम सामन्यातही बिपिन सिंहचा एक गोल होता. मात्र त्याच हंगामात आशियाई स्पर्धेतील सहाच्या सहा सामन्यांत तिचा पराभव झाला. देशांतर्गत पातळीवर मोठा ठरणारा खर्च सौदी अरेबियाच्या अल-हिलालसमोर नगण्य होता. खर्चाचे सामर्थ्य सापेक्ष असते.

संस्थांचे आयुष्य

आता मूळ प्रश्न अधिक व्यापक पटावर ठेवून पाहू. २००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ हंगामांत राष्ट्रीय लीग आणि तिची उत्तराधिकारी आय-लीग यांची विजेतेपदे पाहिली तर त्यांतील आठ गोव्याकडे गेली : धेंपोकडे पाच, चर्चिल ब्रदर्सकडे दोन, साळगावकरकडे एक. उरलेले एक, २००५-०६चे, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे. आणि तेही डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली. कोलकात्याच्या दोन महाकाय क्लबांचा जनाधार, त्यांची परंपरा आणि खेळाडू खेचून घेण्याची त्यांची क्षमता निर्विवाद असूनही या नऊ वर्षांत त्यांना एकही विजेतेपद मिळाले नाही. आर्मांदो कुलासो यांच्यासारखा प्रशिक्षक धेंपोत वर्षानुवर्षे टिकला, हे त्यामागील एक सबळ कारण होय.

परंतु या यशस्वी संस्थांचे पुढे काय झाले? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ च्या सुमारास संपला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसेनासे झाले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, लीगच्या व्यापारी भवितव्याबाबत अनिश्चितता असताना, सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. सहा वर्षांत साखळीची दोन आणि चषकाची दोन विजेतेपदे मिळवून देणारा मालक निघून गेला.

'सॉकरनॉमिक्स'मधील आकडेवारी येथे अपुरी पडते, ती या कारणाने. इंग्लंडमध्ये खर्च फसला तर क्लब खालच्या श्रेणीत जातो. आपल्याकडे क्लब नाहीसा होतो. म्हणून आपल्याकडील यशाची मोजणी केवळ चषकांनी करणे अपुरे आहे. मालक गेल्यावर मैदान, मुलांचे संघ, प्रशिक्षक आणि प्रेक्षक यांपैकी किती गोष्टी जागेवर राहतात, या कसोटीवर महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या खर्चाचे मूल्यमापन निराशाजनक ठरते.

कोल्हापूरचा प्रतिदृष्टान्त

या संदर्भात कोल्हापूरचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे राजर्षी शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या गर्दी खेचत आली आहेत. त्यांच्यामागे उद्योगसमूह नाही. पेठ आहे, गल्ली आहे, वर्गणी आहे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ बाळगावेत, ही या शहराची खासियत. त्यांच्यातील चुरस इतकी तीव्र की ती अनेकदा मैदानाबाहेरही गेली आहे, आणि त्या हुल्लडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. चुरशीच्या दडपणाखाली तेथेही बाहेरगावचे व परदेशी खेळाडू मानधनावर आणण्याची प्रथा आली. म्हणजे खर्चाचा मोह तालमींनाही सुटलेला नाही. फरक इतकाच की, आणलेला खेळाडू निघून गेला तरी तालीम उरते. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यामागे या वातावरणाचा वाटा आहेच.

यावरून चुरस आणि खर्च यांच्या संबंधाविषयी एक विधान करता येते. चुरस खर्चाला प्रवृत्त करते; परंतु खर्चातून चुरस निर्माण करता येत नाही. 'महाराष्ट्र डर्बी' हे नाव प्रसारणाच्या सोयीसाठी रूढ झाले आणि एका संघाच्या अस्ताबरोबर मावळले. मुंबई-गोवा चुरस मात्र सात गोलांचा अपमान, प्रशिक्षकाचे पक्षांतर, पेनल्टीवरील हुलकावणी अशा खऱ्या घटनांतून साचत गेली. स्मृती विकत मिळत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, नावांवर केलेला खर्च बहुधा वाया जातो. जमलेल्या मेळावर केलेला खर्च फळ देतो, पण तो मेळ पुन्हा जमवण्याची शक्ती देत नाही. दुसरा, घडणीलाही स्थिर आर्थिक आधार लागतो. हैदराबाद आणि गोव्याचे जुने क्लब याची साक्ष देतात. तिसरा, ज्या व्यवस्थेत क्लबाचे आयुष्यच मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते, तेथे विजेतेपद हे यशाचे अपुरे माप आहे.

हा प्रश्न आपल्या परिसरापासून दूरचा नाही. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २०१७ च्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ च्या मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेथून जवळच असलेल्या पनवेल परिसरात, करंजाडेसारख्या सिडकोच्या नव्या वसाहतींत, वाढणाऱ्या मुलांना मँचेस्टरमधील दोन संघांचे वैर तोंडपाठ असते. स्वतःच्या वसाहतीच्या नावाने खेळणारा आणि शेजारच्या वसाहतीशी दरवर्षी भिडणारा संघ मात्र सहसा त्यांच्या वाट्याला येत नाही. नव्या वसाहतीला जुनी पेठ नसते, तालीमही नसते. ती जागा भरण्याची क्षमता ज्या थोड्या संस्थांत आहे, त्यांत महाविद्यालयांची गणना करावी लागेल. महाविद्यालयाला मैदान असते, दरवर्षी नवी मुले येतात, आणि मालक रुसला म्हणून ते एका रात्रीत बंद होत नाही. क्रीडाविभागाच्या अंदाजपत्रकात एका स्पर्धेपुरत्या बाहेरून आणलेल्या खेळाडूंऐवजी कायम प्रशिक्षकासाठी तरतूद करणे, हा या संपूर्ण चर्चेचा आपल्या पातळीवरील अर्थ आहे. तसे केल्याने पुढल्या वर्षी करंडक मिळेलच असे नाही. दहा वर्षांनंतर संघ मात्र असेल.